आखूड पाऊल

तुम्ही खोटं लिहिलंय. खोटं लिहायला हरकत नाही, खाली शिक्का मारला की कुठलंही खोटं कोट घालून ऐटीत बसतं, हे काही आजच कळतंय असं नाही. पण निदान चौकशी करून लिहायचं होतं. जो माणूस एकोणीस वर्षं तुमच्या खिडकीसमोर वाकून जमिनीला भोकं पाडतोय तो मोजतो कशानं, एवढं तरी एकदा मान वळवून बघायचं होतं. न बघता लिहिलंत. सापडलात.

हे सगळं तो अवजारांच्या खोलीतल्या फळ्याला म्हणाला, तेही तोंड न उघडता. सकाळचे साडेपाच वाजले होते. खोलीत पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास होता, आणि फळ्यावर पाळ्यांच्या तक्त्यावरच दुसरा एक कागद लावला होता, चारी कोपऱ्यांना चार टाचण्या, जसा काही तो उडून पळणार होता. मैदानाच्या समितीच्या या कागदात म्हटलं होतं की गोल्फच्या, दोन देशांच्या जोड्यांच्या कालच्या अंतिम सामन्यात अठराव्या ग्रीनवरचं, म्हणजे बारीक कापलेल्या गवतावरचं, होल ठरलेल्या जागेच्या (समोरून एकवीस पावलं, उजवीकडून चार) दीड पाऊल अलीकडे पाडलं गेलं. संबंधित कर्मचाऱ्याच्या डाव्या पायातल्या व्यंगामुळे पावलं मोजण्यात चूक झाली. सबब त्या होलचा निकाल रद्द करून ते आज सकाळी दहा वाजता पुन्हा खेळवण्यात येईल. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती, कारण या मैदानावर आखूड डाव्या पायाचा माणूस एकच होता आणि त्याला सगळे दीडपाया म्हणत. मागं म्हणत, तोंडावर म्हणत, फोन आला की तो स्वतःच म्हणायचा, 'दीडपाया बोलतोय.' लोकांनी दिलेलं नाव आपण होऊन अंगावर चढवलं की ते टोचायचं थांबतं, हे तो फार लवकर शिकला होता. पण हे 'व्यंग' टोचलं. दीडपाया म्हणणाऱ्यानं निदान त्याचा पाय पाहिलेला असायचा.

पाय रोलरखाली गेला त्याला वीस वर्षं झाली. रोलर उतारावरून सुटला आणि तो अडवायला गेला. रोलर अडला, पण पाय दोन बोटं आखूड झाला. वर्षभर घरात पडून छताकडे बघितलं. परत आला तेव्हा म्हाताऱ्या मुकादमानं त्याला होल पाडायच्या कामावर घेतलं. मुकादम फार बोलायचा नाही, बोलला की थुंकल्यासारखं एकच वाक्य पडायचं. समितीकडून रोज सकाळी चिठ्ठी येते: अमुक ग्रीन, समोरच्या कडेपासून इतकी पावलं, उजवीकडून किंवा डावीकडून इतकी. पाऊल म्हणजे तीन फूट. चांगल्या पायाची माणसं टांगा टाकत मोजतात आणि पोचतात. त्यानं पहिल्या दिवशी टांगा टाकून बघितल्या. उजवी बरोबर पडायची, डावी आत्याबाईसारखी मागं राहायची. मुकादमानं एक मोडका झेंड्याचा बांबू आणला, पट्टीनं तीन फुटांवर करवतीनं कापला, टोकाला पितळी खिळा ठोकला आणि म्हणाला, "पाय विसर. हिला विचार." तेव्हापासून तो काठीला विचारतो. काठी टेकवायची, खिळ्याची टिकली उमटते, टिकलीवर पुन्हा काठी टेकवायची. टांगा टाकणाऱ्या धडधाकट माणसाचं पाऊल सकाळी एक असतं, जेवल्यावर एक असतं आणि बायकोशी भांडून आला की तिसरंच असतं. काठीचं बायकोशी भांडण नाही. एकोणीस वर्षांत एकाही खेळाडूनं होल चुकलं म्हणून तक्रार केली नव्हती, आणि एकोणीस वर्षांत समितीतल्या एकाही माणसानं काठी पाहिली नव्हती. पहाटे त्यांच्या खिडक्यांना पडदे असतात. त्यांना दिसतो तो लंगडत परत येणारा माणूस, हातात एक बांबू, तोही आधाराला असेल असंच वाटत असणार. आधाराला! त्याला खोलीतल्या खोलीत हसू आलं.

काल संध्याकाळी खिशात हात घातला तेव्हा चिठ्ठी नव्हती, हेही त्याला आता आठवलं. म्हणजे नसणारच होती. चिठ्ठी काम झालं की परत द्यायची असते, तशी रीत आहे. रीत कुणी पाडली? ज्यांच्याकडे चिठ्ठी परत जाते त्यांनी. कालच्या सकाळची चिठ्ठी मात्र त्याच्या डोळ्यांपुढे अजून तशीच होती, पेन्सिलीनं लिहिलेली: अठरावं, समोरून एकवीस, उजवीकडून चार. चिठ्ठी घेऊन समितीचे सचिव स्वतः आले होते, पांढरे बूट दवात भिजू नयेत म्हणून दगडी वाटेवरच थांबलेले. तो वाचून म्हणाला होता, "साहेब, तिथं चेंडू थांबत नाही. दव आहे तोवर थांबेल, ऊन लागलं की घसरेल." सचिव म्हणाले होते, "पाहुण्यांच्या मांडवातून झेंडा दिसला पाहिजे. तुम्हाला होल पाडायला सांगितलंय, खेळायला नाही." मग त्यानं काठीला विचारलं होतं. एकवीसदा आत, उजव्या कडेपासून चारदा डावीकडे. जिथं खिळा शेवटचा टेकला तिथं त्यानं नळा ठेवला.

नळा म्हणजे लोखंडी, खालच्या काठाला धार, वर आडवी मूठ. मुठीवर भार देऊन अर्धा फेरा फिरवायचा, परत उलटा, मग सरळ वर उपसायचा, की आतून वीतभर लांब मातीचं बूच निघतं, डोक्यावर गवताची हिरवी टोपी. हे बूच फेकायचं नसतं. ते हातावर घेऊन, अंगावर घेतलेल्या तान्ह्यासारखं, कालच्या होलापाशी जायचं, त्यात बसवलेला डबा उचलायचा आणि त्या भोकात आजचं बूच बसवायचं. दाबायचं, पाणी शिंपडायचं, हाताची पाठ फिरवायची. आठ दिवस एक पुसट गोल रेघ दिसते, मग तीही जाते. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या भोकात दुसऱ्याच दिवसाची माती असते. एकोणीस वर्षं हेच. त्याला कधी कधी वाटायचं, आपल्या डोक्यातही असंच आहे. कालची जागा रिकामी झाली की तिथं आजचं काहीतरी दाबून बसवायचं, वरून हात फिरवायचा, आणि पायाखाली पोकळ लागलं नाही की झालं.

तो ग्रीनवर गेला. आणि थबकला. उजव्या अंगाला दोन चटयांएवढा तुकडा नवा होता. गवत जास्त हिरवं, सांधे उघडे. कालचं होल, त्याचा काठ, खिळ्याच्या टिकल्या, सगळं त्या तुकड्याखाली. आणि आजच्यासाठी होल मध्यभागी पाडलेलं, तेही कसं, तर काठाला माती भुगा होऊन सांडलेली. शिकाऊ हातानं डबा उघडावा तसं.

"माझ्याकडे बघू नकोस," मागून गवत कापायच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. तो गाडीवरच बसून होता, उतरला नव्हता. "काल पाच वाजता सांगितलं, तुकडा उचल, नवा टाक. मी उचलला, टाकला. होल पाड म्हणाले, पाडलं."

"हे होल आहे?"

"मग काय आहे?"

"उंदराला विचार, तो सांगेल. खालची माती कुठं टाकलीस?"

"तळ्यात." ड्रायव्हरनं टोपी मागं सरकवली. "दीडपाया, ऐक माझं. मोठ्या लोकांच्या खेळात आपण बाहेरचं गवत. करून टाक सही. मला तर पाय आखूड म्हणाले तरी मी दोन्ही आखूड आहेत म्हणून लिहून देईन."

त्यानं नजर ग्रीनवर फिरवली. तो कडेपासून बघत होता, बाराव्या काठीवर, डावीकडून नऊ. तिथं परवाचं होल होतं. तिथं आता पुसट गोल रेघ होती. रेघेच्या आत कालचं बूच. ड्रायव्हरला ते ठाऊक होतं, पण ड्रायव्हरला ते आठवायचं कारण नव्हतं. आणि समितीला ते ठाऊकच नव्हतं, कारण समितीला वाटतं भोक म्हणजे फक्त भोक, त्यातून निघालेलं काही असतं आणि ते कुठंतरी जातं, हे त्यांच्या गावीच नाही.

सचिव सातला आले. आज बूट तपकिरी होते. हातात कागद, कागदाखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याला पेन बांधलेलं. ते चांगलं बोलले. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं.

"सही करा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. "चूक सगळ्यांची होते. चुकीला कोणी फाशी देत नाही. तुमची नोकरी कुठं जात नाही, मी शब्द देतो."

"मी पावलं मोजत नाही, साहेब."

"म्हणजे तेच तर. अंदाजानं पाडलंत."

बघा. इथं तो काठी पुढं करू शकला असता. नाही केली. माणूस तुमच्यावर चिखल फेकत असताना तुम्ही त्याला पाणी दाखवायचं नसतं. पाणी सगळ्यांसमोर दाखवायचं. सचिव जवळ सरकले. "हे बघा, तुमची मुलगी आपल्या देशाकडून खेळतेय. बापानं होल पाडलं, मुलीनं तिथंच जिंकलं. पाहुण्या जोडीनं तक्रार केलीय. आता याला चूक म्हणायचं की दुसरं काही म्हणायचं, हे तुमच्या हातात आहे. चूक म्हटलं तर मुलगी दहा वाजता पुन्हा खेळेल. दुसरं काही म्हटलं तर ती पुन्हा कधीच खेळणार नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"चष्मा घरी राहिलाय," तो म्हणाला. "वाचून देतो."

"नऊपर्यंत."

घर मैदानाच्या भिंतीला लागूनच होतं, दोन खोल्या, मागच्या खिडकीतून सतराव्या ग्रीनचा झेंडा दिसायचा. बायको टेबलावर मुलीचा खेळायचा सदरा इस्त्री करत होती, छातीवरच्या देशाच्या खुणेला वाफ लागू नये म्हणून त्यावर रुमाल ठेवून. मुलगी बुटांच्या तळव्यातलं गवत काडीनं काढत बसली होती. तिची जोडीदारीण, जिला सगळे लांबडी म्हणत आणि जिची आई शहरातली मोठी डॉक्टरीण होती, ती बाहेर गाडीत थांबली होती. या घरात दारातून वाकून यावं लागतं, तिला लाज वाटायची, कुणाची ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यानं कागद टेबलावर ठेवला. बायकोनं वाचला. इस्त्री उभी केली.

"अहो, करून टाका ना," ती म्हणाली. "एवढी वर्षं लोक दीडपाया म्हणतात तेव्हा नाही दुखलं. आता कागदावर आलं तर काय मोठं आभाळ कोसळलं?"

"लोक म्हणतात ते खरं आहे. हे खोटं आहे."

"खरं, खोटं. पोरीचं काय? आयुष्यभर सांगतच राहायचं का तिनं, माझ्या बापानं मला शिकवून नाही पाठवलं म्हणून? तुमच्या नावाला काय सोनं लागलंय?"

या खेळात जोडीला चेंडू एकच असतो. एकीनं मारायचा, पुढचा दुसरीनं. एकीनं वाळूत घातला तर दुसरीनं वाळूतून काढायचा, तोंडातून ब्र न काढता. खेळ पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, हे आपल्यासारखंच आहे बघ. ती म्हणाली होती, फरक एवढाच की तिथं आळीपाळीनं असतं. आता तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, ही बरोबर बोलतेय. कायमच बरोबर बोलत आलीय, वाळूतून काढत. तिच्या बरोबर असण्याचाच त्याला राग आला.

मुलीनं काडी खाली ठेवली. "बाबा, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना, तिथं चेंडू थांबत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"किती वेळा?"

बायको इस्त्रीकडे बघू लागली. बाहेर लांबडीनं गाडीचं दार उघडून पुन्हा लावलं. त्याच्या कानात नऊ वर्षांपूर्वीचा आवाज आला, हातोड्याखाली वीट फुटण्याचा. अठराव्या ग्रीनखालचा पाण्याचा पाइप सांध्यातून फुटला होता. त्यानं मोठ्या परातीएवढा खड्डा खणला, सांधा बदलला, आणि पाणी खाली मुरावं म्हणून खड्डा विटेच्या चुऱ्यानं भरला. बाकी सगळ्या ग्रीनखाली वाळू. साऱ्या मैदानात लाल चुरा तेवढ्या एका जागी. दुरुस्तीची नोंद करायला त्यानं काठीनं मोजलं होतं: समोरून एकवीस, उजवीकडून चार. समितीनं त्यावरून नकाशावर लाल ठिपका मारला होता, नकाशा आजही त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर काचेत आहे, शिक्क्यासकट. आणि विटा फोडायला त्याच्या शेजारी अकरा वर्षांची ही बसली होती, केसांत लाल धूळ, एका डोळ्यावर हात धरून, म्हणजे कपची उडाली तर निदान एक डोळा राहील, असं तिचं गणित. भरलेली जागा पुढं नखभर खचली. नखभर म्हणजे चालणाऱ्याला काही नाही. पण चेंडूला नख म्हणजे दरी. हे तीन जणांना ठाऊक होतं. मुकादम मेला. उरले दोघं.

काल पाहुण्या जोडीचा चेंडू तीनदा वर गेला आणि तीनदा त्यांच्याच पायाशी परत आला, कुत्र्यासारखा. मांडवातून हसू ऐकू आलं. मग लांबडीनं आपल्या जोडीचा चेंडू ग्रीनवर आणून ठेवला आणि पाळी हिची आली. हिनं झेंड्याकडे बघितलंच नाही. चेंडू झेंड्याच्या हातभर उजवीकडे, वरच्या अंगाला मारला. लोकांनी च्च केलं. चेंडू चढला, थांबला, जरा विचार केल्यासारखा राहिला आणि पाठीमागून उतरत होलात पडला. तो तेव्हा दोरीमागं हातात वाळू सारखी करायचा पंजा घेऊन उभा होता. त्याला आनंद झाला नव्हता. का झाला नाही, हे त्यानं रात्रभर स्वतःला विचारू दिलं नव्हतं.

"एकदा," तो म्हणाला.

"दुसऱ्यांदा का नाही?"

उत्तर होतं. चिठ्ठीवर एकवीस-चार वाचलं त्या क्षणी होतं. साहेबांनी नको म्हटलं, ठीक, पण तो मुकादमाच्या हाताखालचा माणूस; दुसऱ्या कुठल्या दिवशी तो दुसऱ्यांदा बोलला असता, तिसऱ्यांदा बोलला असता, पांढऱ्या बुटांना हात धरून खड्ड्यापाशी नेलं असतं. काल नाही नेलं. काल त्याच्या मनात, दवाइतकं हलकं, येऊन गेलं होतं: पोरीला ठाऊक आहे. बस, एवढंच. त्यानं ते उचललं नाही आणि झटकलंही नाही. त्यानं फक्त काठी उचलली. हा गुन्हा आहे का? तो स्वतःशीच वाद घालत उभा राहिला, घामाघूम, दोन खोल्यांच्या घरात, इस्त्रीच्या वाफेत. जागा तुम्ही दिलीत. मी सावध केलं. तुम्ही उडवून लावलंत. मग गप्प बसण्याचा अधिकार मला नाही? एवढी वर्षं तुमच्यापुढं गप्प बसलो तो माझा गुण होता, आणि एकदा माझ्या बाजूनं गप्प बसलो की तो लबाडपणा? पण हे बोलताना त्याला आपलाच आवाज सचिवांच्या आवाजासारखा गुळगुळीत लागला, आणि त्यानं तो तिथंच तोडला. नाही. जे माझं आहे ते मी घेणार. एकदा बोललो, दुसऱ्यांदा बोललो नाही, ते माझं. पाऊल माझं नाही.

"तुला ठाऊक होतं म्हणून," तो मुलीला म्हणाला.

मुलीनं त्याच्याकडे बघितलं. रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही, त्याचीच पोर. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "विटा मी फोडल्यात. पण ठाऊक असणं आणि चेंडू तिथं मारणं यात फरक आहे, बाबा. चार हजार माणसं बघत होती. तुम्ही सही केलीत तर मी जिंकले ती तुमच्या चुकीनं. नाही केलीत तर ते म्हणणार, लबाडीनं. दोन्हीत मी कुठंच नाही. तो चेंडू मी मारला होता."

"मग काय करू म्हणतेस?"

"मला नका विचारू. आता पाळी तुमची आहे."

बायकोनं सदऱ्यावरचा रुमाल उचलला, घडी घातली. तो दाराकडे वळला तेव्हा ती मागून म्हणाली, "जाताय तर ते बूट तरी पुसा. चिखलाच्या पायानं त्या गालिच्यावर गेलात तर आधी त्याबद्दलच बोलतील." तो थांबला. मग म्हणाला, "चिखलाच्याच पायानं जातो."

साडेआठला दोरीच्या कडेनं माणसं जमू लागली होती. त्यानं खोलीतून नळा घेतला, काठी घेतली, पाण्याचा डबा घेतला नाही. ग्रीनच्या समोरच्या कडेला उभा राहिला आणि मोजायला लागला. आज त्यानं घाई केली नाही. काठी टेकवली, उचलली, टेकवली. पितळी खिळा उन्हात चमकत होता. कुणीतरी म्हणालं, हा काय करतोय, आता तर खेळ आहे. कुणीतरी म्हणालं, हाच तो, पाय बघ. बघा, तो मनात म्हणाला. पाय बघा, आणि हातही बघा एकदा. एक. दोन. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला लोक मोजताना बघत होते, आणि त्याला आपल्या लंगडण्याची लाज वाटली नाही. उलट ते लंगडणं त्यानं जरा जास्तच केलं, खांदा पाडून, टाच उचलून, की कुणाला नंतर म्हणता येऊ नये आम्हाला नीट दिसलं नाही. अकरा. बारा. मग डाव्या कडेपासून आडवं, नऊ. पुसट गोल रेघ बरोबर खिळ्याखाली आली.

गाडीवरून ड्रायव्हर ओरडला, "दीडपाया, दहाला खेळ आहे तिथं."

"माहितेय."

"ग्रीन बिघडेल."

"एकोणीस वर्षं बिघडू दिलं नाही," तो म्हणाला. "आज माझा हक्क आहे." आणि नळा रेघेवर ठेवून त्यानं मुठीवर सगळा भार दिला, आखूड पायासकट. अर्धा फेरा. उलटा. बूच वर आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. काल पहाटेच्या अंधुक उजेडात त्यानं खालची माती नीट बघितली नव्हती. आणि खड्ड्याचा चुरा नऊ वर्षांत खाली बसला असेल, वाळू वर आली असेल, तर? मग त्यानं डोळे उघडले. हिरव्या टोपीखाली दोन बोटं काळी माती होती, आणि त्याखाली, मुळांच्या पांढऱ्या केसांत अडकलेला, लाल चुरा. हिरड्यांतून रक्त दिसावं तसा. त्याला मुलीच्या केसांतली धूळ आठवली.

बैठकीच्या खोलीत गालिचा होता, लांब टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि मधोमध जिंकणाऱ्या जोडीचा चषक. समितीचे पाच जण बसले होते. भिंतीशी दोन्ही जोड्या उभ्या होत्या. पाहुण्या दोघी खांद्याला खांदा लावून, आणि समोर लांबडी आणि मुलगी. मुलीनं सदरा घातला होता. सचिव अर्धे उठले. "कागद आणलात?"

त्यानं आधी कागद ठेवला. सही न केलेला. मग त्यावर काठी आडवी ठेवली. मग चषक हातानं बाजूला सरकवला आणि त्या जागी पांढऱ्या कापडावर मातीचं बूच उभं केलं. थोडी माती सांडली. एकानं खुर्ची मागं घेतली.

"हे काय आहे?" सचिव म्हणाले.

"कालच्या होलातून निघालं ते. तुम्ही वरचा तुकडा उचललात, खालची माती तळ्यात टाकलीत. पण जी माती मी उपसतो ती मी टाकत नाही, आदल्या दिवशीच्या होलात बसवतो. रोज. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"बाहेर जा. नंतर बोलू."

"नंतर नाही. कागदात लिहिलंय, पाय आखूड म्हणून पावलं चुकली. ही काठी तीन फूट आहे, पट्टी आणा आणि मोजा. एकोणीस वर्षं मी हिनं मोजतोय, पायानं एकदाही नाही. आत्ता बाहेर सगळ्यांनी बघितलंय." त्याचा आवाज चढला नव्हता. "दुसरं. मी काल तुम्हाला म्हणालो, तिथं चेंडू थांबत नाही. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही, कारण माझ्या मुलीला ती जागा ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तिला मी काही सांगितलं नाही, पण तुम्हालाही पुन्हा सांगितलं नाही. हे लिहा. ह्याच्यावर आत्ता सही करतो, दोन ठिकाणी करतो."

मुलीनं खाली बघितलं नाही. पाहुण्या जोडीतली एक पुढं आली, वाकली, बोटाच्या टोकानं बुचातला लाल कण काढला आणि तळहातावर ठेवून दुसरीला दाखवला. कुणी तिला अडवलं नाही.

"काय सिद्ध होतं यानं?" टेबलाच्या टोकाचे एक जण म्हणाले. "माती ती माती."

"तुमच्या डोक्यामागं नकाशा आहे," तो म्हणाला. "काचेत. तुमचाच शिक्का आहे. अठराव्या ग्रीनवर लाल ठिपका आहे, त्याच्याखाली आकडे आहेत, आणि तुमच्या कागदात ठरलेल्या जागेचे आकडे आहेत. विटेचा चुरा सगळ्या मैदानात तेवढ्याच जागी आहे. मी भरलाय. हिनं फोडलाय."

कुणीच मान वळवली नाही. पाच माणसं, पाच खुर्च्या, आणि एक काच, जिच्यात त्यांच्या माना पाठमोऱ्या दिसत होत्या. बाहेर ग्रीनवर दोन भोकं होती आता, एक त्यांचं आणि एक त्याचं, आणि त्याच्या भोकात घालायला काही नव्हतं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सचिवांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तो टेबलाशी उभा राहिला, आखूड पाय गालिच्यात रोवून. त्याला बसा म्हटलं नव्हतं, आणि आज त्याला बसायचंही नव्हतं.

"मान वळवा," तो म्हणाला. "आकडे वाचा. मोठ्यानं, या चौघींना ऐकू जातील असे. आणि मग मला सांगा, होल कुठं होतं?"